टॅबने पोचतं म्हणजे स्क्रीन रीडरला कळतं असं नाही

"आपलं सॉफ्टवेअर पूर्ण कीबोर्डवर चालतं, माऊस लागतच नाही, मग ब्लाइंड युजरला अडचण कसली?" आमच्या लाईनमध्ये हे वाक्य सगळे बोलतात, मीही बरीच वर्षं बोलायचे आणि मनापासून बोलायचे. कीबोर्डने चालणं आणि स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामने, चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला एका माणसाच्या शेजारी बसल्यावरच कळलं, म्हणून हे लिहितेय, कारण डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अजून पुष्कळ जणांचा हाच घोळ होतो.

मी नवी मुंबईत महापेला काम करते, विंडोजचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, सी शार्पमध्ये, विनफॉर्म्स ह्या मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म बनवायच्या जुन्या सोयीत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमच्या एका क्लायंटकडे अकाउंट्सला एक सर आहेत, पूर्ण अंध, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. आमच्या एका अपडेटनंतर त्यांचा फोन आला की एन्ट्री चुकतायत. आमच्याकडे टेस्टिंगला सगळं बरोबर येत होतं, म्हणून शेवटी घणसोलीवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली आणि गेले त्यांच्याकडे. त्यांनी इयरफोनची एक बाजू मला दिली, आवाजाचा स्पीड माझ्यासाठी कमी केला आणि बिलाचा फॉर्म उघडून टॅब दाबत सुटले. कानात काय आलं तर "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." म्हणजे लिहायचा कप्पा, रिकामा, एवढंच, आणि मग "बटन. बटन. बटन."

मी विचारलं, "सर, मग तुम्हाला कळतं कसं कुठे आहात ते?"

"मोजतो मॅडम. पहिला बिल नंबर, दुसरा पार्टी, तिसरा नग, चौथा दर. तुम्ही मधे तो एचएसएनचा, मालाच्या कोडचा, कप्पा टाकलात ना, तेव्हापासून माझा दर नगात जातोय."

म्हणजे टॅब कुठेही अडकत नव्हता, प्रत्येक कप्प्यात पोचत होता, कीबोर्डच्या हिशोबाने फॉर्म शंभर टक्के पास. पण कप्प्याचं नाव सांगायची सोय आम्ही कधी केलीच नव्हती आणि तो माणूस इतकी वर्षं बोटांवर मोजून आमचं सॉफ्टवेअर चालवत होता. मला फार वाईट वाटलं, कारण तक्रार त्यांनी चूक व्हायला लागल्यावर केली, त्याआधीचे कष्ट त्यांनी कधी बोलूनही दाखवले नव्हते.

नंतर चहा घेताना ते म्हणाले, "लोकलमधून मला उतरता येतं हो. गाडी थांबली, दरवाजा समोर आहे, उतरलो. पण पुढील स्टेशन रबाळे की ऐरोली, हे कोणीतरी सांगायला लागतं. तुमच्या फॉर्ममध्ये गाडी सगळीकडे थांबते, अनाउन्समेंट नाहीये." मला ह्या दोन गोष्टींतला फरक ह्याहून नीट सांगता येणार नाही. कीबोर्डचं काम पोचवायचं, स्क्रीन रीडरचं काम कुठे पोचलो ते सांगायचं.

आता आतमध्ये काय होतं ते बघू. तुम्ही टॅब दाबला की विंडोज ती की ज्याच्याकडे फोकस आहे, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्याच्यासाठी चालतोय, त्या विंडोला देतं आणि प्रोग्राम फोकस पुढे सरकवतो, हा एक रस्ता. स्क्रीन रीडरचा रस्ता वेगळा आहे. तो पडद्यावरचे पिक्सेल बघत नाही, तो प्रोग्रामला प्रश्न विचारतो: फोकस आता कोणावर आहे, त्याचं नाव काय, तो आहे कोण म्हणजे बटण की चेकबॉक्स की लिस्ट, त्याची अवस्था काय, आत लिहिलंय काय. हे प्रश्न विचारायची एक ठरलेली पद्धत असते, विंडोजवर आधी मायक्रोसॉफ्ट अॅक्टिव्ह अॅक्सेसिबिलिटी आली १९९७ मध्ये, नंतर व्हिस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन, लिनक्सवर एटी-एसपीआय. प्रोग्रामने उत्तर दिलं तर स्क्रीन रीडर बोलणार, नाही दिलं तर "एडिट, ब्लँक". पहिला रस्ता गुळगुळीत असला म्हणून दुसरा आपोआप तयार होत नाही.

घोळ का होतो ह्याचं एक जुनं कारण आहे असं मला वाटतं. डॉसच्या काळात ह्या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या! तेव्हा पडदा म्हणजे अक्षरांचा तक्ता, ती अक्षरं मेमरीत जशीच्या तशी पडलेली, स्क्रीन रीडर थेट तिथून वाचायचा आणि प्रोग्राम तर कीबोर्डवरच चालायचा. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठीच आला होता. विंडोज आलं आणि पडद्यावर अक्षरांऐवजी चित्र रंगवायला लागले, तिथे दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. पण "कीबोर्डवर चालतं म्हणजे सगळ्यांना चालतं" ही समजूत मात्र राहिली, आणि ज्यांचा हात वर्षानुवर्षं टॅलीवर बसलाय त्या अकाउंटंट मंडळींसाठी सॉफ्टवेअर लिहिताना ती अजून पक्की होते, कारण तिथे सगळी मागणीच शॉर्टकटची असते.

आमच्या फॉर्ममध्ये नेमकं काय चुकलं होतं ते सांगते, कारण हे विनफॉर्म्सवाल्या भरपूर जणांकडे निघेल. टेक्स्टबॉक्सला, म्हणजे लिहायच्या कप्प्याला, तुम्ही अॅक्सेसिबलनेम, म्हणजे स्क्रीन रीडरसाठीचं नाव, दिलं नसेल तर विनफॉर्म्स टॅबच्या क्रमात त्याच्या लगेच आधी जे लेबल असेल त्याचा मजकूर नाव म्हणून घेतं. टॅबच्या क्रमात, पडद्यावर शेजारी नाही! आमची लेबलं कोणीतरी नंतर टाकलेली, त्यांचे टॅबइंडेक्स, म्हणजे टॅबच्या क्रमातले नंबर, साठ-सत्तरच्या पुढे, टेक्स्टबॉक्सचे एक ते बारा. पडद्यावर "दर" हा शब्द कप्प्याला चिकटून दिसतोय, पण आतून दोघांचा काही संबंध नाही. लेबलवर फोकस जातच नाही त्यामुळे त्याच्या टॅबइंडेक्सकडे कोण बघतंय, कीबोर्डने टेस्ट करताना हे कधीच सापडणार नाही. बारा लेबलांचे नंबर बदलले, आयकॉनवाल्या बटणांना अॅक्सेसिबलनेम दिलं, एका दुपारचं काम. डब्ल्यूपीएफ ह्या मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या सोयीत हेच ऑटोमेशनप्रॉपर्टीज डॉट नेम लिहून होतं. क्यूटी ह्या दुसऱ्या टूलकिटमध्ये लेबलला सेटबडी करून कप्पा जोडून दिला की ऑल्टचा शॉर्टकटही मिळतो आणि नावही, म्हणजे दोन्ही कामं एका ओळीत, असं फार कमी ठिकाणी होतं.

(एक छोटी सूचना, नाव देताना "सेव्ह बटण" असं लिहू नका, फक्त "सेव्ह" लिहा. बटण आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो, नाहीतर "सेव्ह बटण बटण" ऐकू येतं आणि दिवसात पाचशे वेळा ते ऐकायचं म्हणजे त्रास आहे.)

नावाचं सोपं होतं, खरा वेळ गेला तो आम्ही स्वतः रंगवलेल्या गोष्टींत. "पेमेंट आलं" असं एक सरकतं बटण आमच्या डिझायनरने पॅनेलवर काढलं होतं, स्पेस दाबली की हिरवं व्हायचं, टॅबही जायचा. एनव्हीडीए काय म्हणायचा, तर "पेन", म्हणजे नुसता पडद्याचा एक भाग. चालू झालं की बंद, काही नाही. ते काढून साधा चेकबॉक्स ठेवला आणि त्याचंच रूप बदललं, सगळं आपोआप यायला लागलं. आयटमची यादीही अशीच, बाणाने निळी पट्टी खाली सरकते, एंटरने आयटम बिलात येतो, म्हणजे कीबोर्डवाल्याला काहीच तक्रार नाही, पण पट्टी आम्ही नुसती रंगवत होतो, "फोकस आता ह्या ओळीवर आलाय" असं विंडोजला कळवतच नव्हतो, त्यामुळे सर बाण दाबायचे आणि कानात पूर्ण शांतता. आणि सेव्ह झाल्यावर खाली येणारी हिरवी ओळ! फोकस आहे तिथेच राहतो, ओळ बदलते, स्क्रीन रीडरला पत्ताच नाही. सर प्रत्येक बिल सेव्ह केल्यावर यादीत जाऊन शोधून खात्री करायचे. त्याला विनफॉर्म्समध्ये रेझऑटोमेशननोटिफिकेशन नावाची मेथड आहे, तिला मजकूर द्यायचा, ती तो बोलायला लावते.

उलटा प्रकारही असतो आणि तो लोक विसरतात. आमच्याकडे "डिस्काउंट द्या" हे निळ्या अक्षरातलं साधं लेबल होतं, त्याच्यावर क्लिकचा कोड. ह्याचं नाव स्क्रीन रीडरला व्यवस्थित कळतं, ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनने, म्हणजे टॅबशिवाय एकेका गोष्टीवर, फिरत गेलात तर एनव्हीडीए छान वाचून दाखवतो. पण टॅब तिथे जात नाही. सरांनी त्यावर मार्ग काढला होता, एनव्हीडीएच्या कमांडने माऊसचा बाण तिथे ओढून आणायचा आणि नमपॅडवरून क्लिक करायचं. पण ज्याला दिसतं, पण हात थरथरतो म्हणून माऊस धरता येत नाही आणि जो फक्त कीबोर्डवर आहे, त्याच्यासाठी तो डिस्काउंट नाहीच. इथे अनाउन्समेंट आहे, गाडी थांबत नाही. लेबलच्या जागी लिंकलेबल टाकलं की दोघांचं भागतं.

त्यामुळे टेस्टही दोन लागतात, एकीने दुसरी होत नाही. पहिलीत माऊस काढून ठेवा आणि एक अख्खं बिल करा, सर्च, एडिट, कॅन्सल सगळं, हे बहुतेक जण करतात. दुसरीत एनव्हीडीए टाका, तो फुकट आहे, ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये मायकल करन ह्यांनी सुरू केला, ते स्वतः अंध आहेत, आणि मॉनिटर बंद करून तेच बिल करा. मॉनिटर खरंच बंद करा, कारण चालू असला की डोळे रिकाम्या जागा भरून काढतात आणि तुम्हाला वाटतं सगळं ऐकू आलं. सुरुवातीला आवाज समजत नसेल तर एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, बोललेलं सगळं लिहून दिसतं, तिथे "बटन" असं नुसतं एकटं दिसलं की तिथे नाव राहिलंय. मराठी लेबलं असतील तर त्यातल्या ईस्पीक ह्या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे, तो लावून ऐका.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि आपल्याकडे आयएस १७८०२ हे स्टँडर्डही आहे, त्यात सॉफ्टवेअर येतं. पण आमच्या ऑफिसमध्ये कायदा दाखवून काही हललं नाही, सरांचं ते "मोजतो मॅडम" सांगितल्यावर हललं.

आता अजून एक जागा राहिलीय, प्रिंट प्रिव्ह्यू. तिथे पेजअप-पेजडाऊन चालतं, झूम शॉर्टकटवर होतं, कीबोर्डचं सगळं आहे, पण पान म्हणजे आम्ही काढलेलं एक चित्र. सर सध्या एनव्हीडीएचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची सोय, लावून वाचतात आणि त्यात ८ चा ३ होतो कधीकधी, बिलाच्या रकमेत ते चालणार नाही. म्हणून प्रिव्ह्यूच्या शेजारी तोच मजकूर साध्या वाचता येणाऱ्या टेक्स्टबॉक्समध्ये देतोय, डिसेबल केलेला नाही, रीडओन्ली, कारण डिसेबल केला तर टॅबच जाणार नाही त्याच्यावर. पुढच्या आठवड्यात परत वागळेला जायचंय, ह्यावेळी इन्स्टॉल करायच्या आधी सरांना ऐकवणार आहे.