१०८ मेगापिक्सेल म्हणजे भारी कॅमेरा? नाही हो!

नाशिकच्या एमजी रोडवर मोबाइल घ्यायला गेलात की वीस-बावीस हजारांच्या फोनबद्दल हमखास ऐकू येतं, "ह्याला १०८ मेगापिक्सेल आहे, त्याला फक्त ५०." म्हणजे पहिला दुपटीने चांगला, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

१०८ चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, नेहमीच्या मोडमध्ये नऊ-नऊ पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० वाला चार-चार जोडून साडेबारा. झाली की बरोबरी! फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने आणि ओआयएसने, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरणाऱ्या सोयीने. संध्याकाळी रामकुंडावर आरतीचा फोटो काढून बघा. ओआयएस नसेल तर दिव्यांच्या ज्योती फराटल्यासारख्या येतात, मग आकडा कितीही असो.

या किमतीत बॅटरी आणि स्क्रीन बहुतेकदा छान मिळते, तिथे तक्रार नाही. मागचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, मात्र निव्वळ खोगीरभरती. दुकानात मोजून दाखवायला तेवढा एक कॅमेरा वाढतो, इतकंच.