बेळगाव भागात बंदूक कुणाच्या हातात? थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत कुठं गोळीबार झाला की आपल्याकडं पण बंदूकबंदीवर वाद सुरू होतो. तिथं 1791 च्या घटनादुरुस्तीपासून शस्त्र बाळगणं हा हक्क आहे, पण तोच वाद जसाच्या तसा बेळगाव-खानापूरला लावून काही कळत नाही, कारण इथं प्रश्न पहिल्यापासून एकच, सरकारचा भरवसा कुणावर.

1857 ला उठाव पेटल्यावर इंग्रजांनी कायदा काढला, हत्यारं नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा. मुधोळजवळच्या हलगली गावच्या बेडर समाजाच्या लोकांनी साफ नकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर आणि लढाईतल्या चाकरीवर जगलेली माणसं ती, हत्यार गेलं तर पोट पण गेलं आणि मान पण गेला. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, पकडलेल्यांतल्या कित्येकांना फासावर दिलं. बंदूक नियंत्रणाचा आपल्या भागातला पहिला अनुभव हा असा आहे, आणि तो विसरून आपण चर्चा करतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग 1878 चा आर्म्स ॲक्ट. गोऱ्यांना सूट, आपल्याला लायसन. म्हणून 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या चौकटीत मागितला होता, पण 1948 ला घटना समितीत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली तेव्हा ती फेटाळली गेली. पुढं 1959 चा कायदा आला, गोरा-काळा भेद संपला पण परवाना देणं-न देणं अधिकाऱ्याच्याच हातात राहिलं.

आता बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला गनमॅन बघा. खांद्याला डबल बॅरल, कमरेला काडतुसांचा पट्टा. बहुतेक रिटायर फौजी, आणि नोकरीची अटच अशी असते की बंदूक स्वतःची, लायसन स्वतःचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, घरटी फौजी असलेली गावं इथं, त्यामुळं पेन्शननंतर ते लायसनचं पुस्तकच रोजगार होतं. वाड्यावरच्या पाटलाला तीच बंदूक मानासाठी लागते. आणि खानापूरच्या जंगलाकडंचा शेतकरी, ज्याचं भात रानडुकरं एका रात्रीत लोळवतात, त्याला पीक राखायला हवी असते, पण पोलीस रिपोर्ट, सातबाऱ्याऐवजी इकडं आरटीसी, डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसच्या फेऱ्या, वर निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळं जनावर मारायची परवानगी परत वेगळीच. शेवटी बिनपरवान्याची ठासणीची जुनी बंदूक घरात ठेवणारा माणूस गुन्हेगार ठरतो.

2015 मध्ये कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि धारवाडात कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गी यांना गोळ्या घातल्या, दोन्ही गावं बेळगावपासून दोन-तीन तासांच्या आत. त्या गोळ्या 7.65 एमएमच्या गावठी पिस्तुलातल्या. असल्या पिस्तुलांना लायसन कुठलं? 2019 च्या दुरुस्तीनं परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, बेकायदा हत्यारं बनवण्या-विकण्याची शिक्षा पण वाढवली, मात्र तपासाचा जोर जिथून असले गावठी कट्टे येतात त्या वाटेवर लागायला हवा, भातशेतीच्या माळ्यावर बसलेल्या माणसावर नको.