तिसरा परिच्छेद: मिरज-सांगलीच्या मंडळ्यांमधला हक्काचा प्रश्न

चर्च मानवी हक्कांसाठी काय करते, असे मिरजेत कुणालाही विचारा. बोट आधी मिशन हॉस्पिटलकडे जाईल. साहजिकच आहे. १८९४ साली सुरू झालेल्या त्या दवाखान्यामुळे कर्नाटकातले पेशंटही इकडे येऊ लागले आणि मिरज वैद्यकीय पंढरी झाली. पुढे कुष्ठरोग्यांचा दवाखाना आला, वाईलाही मिशनचा दवाखाना झाला, गावोगाव शाळा निघाल्या. त्या पिढीने या सगळ्याला एकच शब्द वापरला, 'सेवा'. सेवा मिळाली की माणूस हात जोडतो. हक्क मात्र अर्ज करून, खेटे घालून, प्रसंगी कोर्टात जाऊन सरकारकडे मागावा लागतो. इथल्या मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना, ही दुसरी भाषा उशिरा आली, आणि ती शिकवली एका सरकारी आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने.

जगातल्या चर्चनी ही भाषा आधीच उचलली होती. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य आले, त्यामागे चर्चच्या प्रतिनिधींचा पाठपुरावा होता. १९७० मध्ये जागतिक चर्च परिषदेने वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकेतल्या मुक्तिसंघटनांना पैसे दिले. त्यावरून काही चर्च परिषदेतून बाहेरही पडली. आपल्याकडे त्याचे पडसाद फारसे उमटले नाहीत. संविधान सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला होता. देशाशी एकरूप व्हायचे तर वेगळे काही मागू नये, ही त्यांची भूमिका. ती उदात्त होती. पण ती घेणारे बहुतेक शिकलेले, शहरातले होते. महारवाड्या-मांगवाड्यांतून मंडळीत आलेल्यांचा त्यात किती विचार झाला, हा प्रश्न मला आजही टोचतो.

आता मूळ मुद्दा. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या सहीने अनुसूचित जातींची यादी ठरवणारा तो आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा: हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या चार शीख जातींना तेवढी सूट होती. १९५६ मध्ये सगळे दलित शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. धर्म बदलला तरी आदिवासी आदिवासीच राहतो.

बौद्धांचा दाखला आपल्याकडे अगदी घरचा आहे. ज्या बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्यांनी १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा घेतली. त्यांच्यामागून गेलेल्यांच्या राज्याच्या सवलती महाराष्ट्राने १९६० मध्ये, राज्य स्थापन होतानाच, चालू ठेवल्या. केंद्राला तीस वर्षे लागली. धर्म बदलला म्हणून जातीचा जाच संपत नाही, हे तेव्हा सरकारने मान्य केले. तोच युक्तिवाद ख्रिस्ती दलितांना का लागू होत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिलेले उत्तर आजही पुढे केले जाते. प्रकरण तमिळनाडूतले. रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्यांना सरकारने मोफत टपऱ्या द्यायच्या ठरवल्या. एक ख्रिस्ती चर्मकार त्याच रस्त्यावर, तेच काम करीत बसत होता. त्याला टपरी नाकारली. न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतरही तेवढाच तीव्र जाच सोसावा लागतो हे पुराव्याने दाखवा. म्हणजे आरी तीच, चामडे तेच, ऊनही तेच, आणि सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच.

यातली अवघड बाजू चर्चनेही बराच काळ झाकून ठेवली. जात आमच्यात नाही म्हणावे, तर सवलतीचा आधार जातो. आहे म्हणावे, तर वेदीवरून केलेला उपदेश खोटा पडतो. कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमधला जातिभेद उघड कबूल केला. माझ्या मते निवेदनांच्या ढिगाऱ्यापेक्षा त्या कबुलीचे वजन जास्त आहे.

ओळखीतल्या एका घरातले दाखले मी पाहिलेत. थोरल्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार', धाकटीच्या दाखल्यावर नुसते 'ख्रिश्चन'. आईबाप तेच, मंडळीच्या नोंदवहीत दोघांचा बाप्तिस्मा एकाखाली एक लिहिलेला. थोरल्याला शिष्यवृत्ती मिळाली. धाकटीची फी बापाने पतसंस्थेचे कर्ज काढून भरली. प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी काय विचारले आणि बापाने काय सांगितले, एवढाच काय तो फरक.

२००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. २००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने हा परिच्छेद काढून टाकावा असे सुचवले. पुढे हालचाल झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळाली. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आपला वाटा घटेल अशी हिंदू आणि बौद्ध दलितांतल्या काहींची भीती आहे. तीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जागा वाढल्याखेरीज तिचे उत्तर मिळत नाही.

शांततेचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. जून २०२५ मध्ये, एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तापलेल्या वातावरणात, सांगलीच्या मोर्चात एका लोकप्रतिनिधीने धर्मांतर घडवणाऱ्यांना मारहाण करणाऱ्यास रोख बक्षिसे जाहीर केली. राज्यभर निवेदने दिली गेली, जुलैत आझाद मैदानावर ख्रिस्ती समाज जमला. मागणी संरक्षणाची होती. पण उद्या खेड्यात एखाद्या दलित पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, जातीवरून शिवी देऊन मारले, तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागेल का? त्याच वर्षी एप्रिलमध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने अशाच एका पाळकाच्या बाबतीत नाही असे उत्तर दिले होते, आधार तोच तिसरा परिच्छेद.

त्या घरातल्या धाकटीचा मुलगा यंदा पहिलीत जाईल. प्रवेशाचा फॉर्म तिने आणून ठेवलाय. सगळे रकाने भरून झालेत, जातीचा तेवढा राहिला आहे.