‘द स्कार्लेट लेटर’ : वाचनगटाचा संच घेण्यापूर्वी

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ही इंग्रजी कादंबरी १८५० सालची. कथा मात्र दोनशे वर्षं आधीच्या, १६४० च्या दशकातल्या बॉस्टनची: इंग्रजांची वसाहत, प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट) धर्मगुरूंचा वचक, आणि नवऱ्याचा पत्ता नसताना मूल झालेली हेस्टर प्रिन.

हक्क संपल्यामुळे ही कादंबरी कुणीही छापतं. काही प्रतींवर ‘संक्षिप्त’ हा शब्द अगदी बारीक असतो, म्हणून स्वतः प्रत घेणार असाल तर अनुक्रमणिका पाहा. ‘द कस्टम-हाउस’ ही प्रस्तावना आणि पुढे २४ प्रकरणं हवीतच. मलपृष्ठ वाचू नका. मुलीचा बाप कोण, हे बहुधा तिथेच फोडलेलं असतं.

वाचक अडकतात ते प्रस्तावनेत. बॉस्टनजवळच्या सेलम गावातल्या जकात कचेरीचं ते वर्णन लांबलचक आहे, म्हणून थेट पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. प्रस्तावना शेवटी वाचा, पण वाचाच. हेस्टरच्या छातीवरचा लाल कापडी ‘ए’ (‘अडल्टरी’चं, म्हणजे व्यभिचाराचं इंग्रजी आद्याक्षर) लेखकाला सापडल्याची कल्पना तिथेच आहे: प्रत्येक बाजू बरोबर सव्वातीन इंच, सोनेरी भरतकाम विरलेलं. सेलममधल्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांत लेखकाचे एक पूर्वज न्यायाधीश होते. त्या वारशाची बोचही तिथेच कळते.

चार बैठका पुरतात: प्रकरणं १ ते ८, ९ ते १२, १३ ते १९, २० ते २४. पहिल्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे हेस्टरला फाशी का नाही? मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे याच वसाहतीच्या, १६४१ च्या कायद्यात व्यभिचाराला देहदंडच होता. कादंबरीतले न्यायाधीश मात्र नवरा समुद्रात बुडाला असावा असं धरून दया दाखवतात: तीन तास चौथऱ्यावर उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर ते अक्षर.

बाराव्या प्रकरणाला सर्वांत जास्त वेळ द्या. मध्यरात्री उल्का जाते आणि एका अपराधी मनाला आकाशात लाल ‘ए’ दिसतो. सकाळी चर्चचा सेवक तेच अक्षर ‘एंजल’चं (देवदूताचं) ठरवतो, कारण त्याच रात्री वसाहतीचे गव्हर्नर विन्थ्रॉप वारलेले असतात. अंधश्रद्धा चालते कशी, हे इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. तेवढी तीन-चार पानं बैठकीत मोठ्यानं वाचा.

संचात आठ पूर्ण प्रती, मुदत सहा आठवडे. सगळ्या प्रती एकाच आवृत्तीच्या असल्याने पानांचे क्रमांक जुळतात.