सुपरकोलायडरची भाषा आणि सुपरकोलायडरचा सर्व्हर: आराखडा नेमका कोणाचा?

सुपरकोलायडर या कोड लिहून ध्वनी आणि संगीत घडवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय बदलावे याची चर्चा निघाली, की बहुतेक वेळा एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलले जाते. संगीत लिहिण्याची भाषा चालवणारा संगणकीय कार्यक्रम (प्रोग्राम), म्हणजे एससीलँग, ही पहिली गोष्ट. आणि प्रत्यक्ष ध्वनी तयार करणारा सर्व्हर, म्हणजे एससीसिंथ, ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी, एकाच आवृत्ती क्रमांकाने प्रकाशित होतात आणि एकाच खिडकीतून वापरता येतात. त्यामुळे ‘सुपरकोलायडर नव्याने लिहायला हवे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला यांपैकी काय नव्याने लिहायचे आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

जेम्स मॅकार्टनी यांनी 1996 मध्ये सुपरकोलायडर प्रथम उपलब्ध केले आणि 2002 मध्ये ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले झाले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत भाषा आणि ध्वनिनिर्मिती एकाच कार्यक्रमात होती; तिसऱ्या आवृत्तीने ती वेगळी केली. तेव्हापासून भाषा सर्व्हरला ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) या संगीत-उपकरणांसाठीच्या संदेशपद्धतीने संदेश पाठवते, सर्व्हर त्याप्रमाणे आवाज करतो, आणि दोघे वेगवेगळ्या यंत्रांवर असले तरी चालते. एससीसिंथचे ठरावीक पोर्ट, म्हणजे संदेश स्वीकारण्याचा क्रमांक, 57110 आहे आणि एससीलँगचे 57120, यावरूनही त्यांचा वेगळेपणा दिसतो.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे कळतो तो नवशिक्याला हमखास चकवणाऱ्या एका अनुभवात. समजा, एखाद्या सिंथडेफमध्ये, म्हणजे वाद्याच्या व्याख्येत, आपण वारंवारतेसाठी भाषेतले ‘आर-रँड’ वापरून 200 ते 800 मधली कोणतीही संख्या मागितली. ते वाद्य शंभर वेळा वाजवले तरी शंभरही वेळा तोच स्वर येतो, कारण ती संख्या भाषेने व्याख्या बांधताना एकदाच निवडली आणि सर्व्हरकडे ठरावीक आकडा म्हणून पाठवली. त्याच जागी ‘रँड’ हे यूजेन, म्हणजे सर्व्हरवर चालणारा ध्वनिनिर्मितीचा घटक, लिहिले, तर निवड सर्व्हरवर होते आणि प्रत्येक नवा सिंथ, म्हणजे त्या व्याख्येवरून वाजणारे वाद्य, सुरू होताना नवी संख्या मिळते. लिहिताना दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या दिसतात; पण पहिलीचे काम वाद्य बांधून होताच संपते, दुसरीचे वाद्य वाजू लागल्यावर सुरू होते. माझ्या मते हे ज्याला नीट समजले, त्याला या प्रकल्पाच्या नियोजनातल्या अर्ध्या वादांचे मूळही समजले.

दोन्हींची वेळेची शिस्तही वेगळी आहे. सर्व्हर ठरावीक मांडणीत ध्वनीच्या 64 नमुन्यांचा (सॅम्पलचा) एक गट एका दमात मोजतो. सेकंदाला 44,100 नमुने घेतले, तर हा काळ जेमतेम 1.45 मिलिसेकंद होतो. गट वेळेत पूर्ण झाला नाही, तर आवाज तुटतो. म्हणून ध्वनीच्या धाग्यात (थ्रेडमध्ये) दुसऱ्या धाग्याने लावलेले कुलूप (लॉक) सुटण्याची वाट पाहणे किंवा ऑपरेटिंग सिस्टमकडे ऐनवेळी स्मृती मागणे निषिद्ध आहे, आणि सर्व्हर स्वतःचा स्मृतिसाठा आधीच राखून ठेवतो. भाषेला मात्र थोडी उसंत आहे. ती संदेशांवर पुढची वेळ लिहून ते आगाऊ पाठवू शकते, आणि त्यासाठीचे ठरावीक अंतर 0.2 सेकंद आहे. त्यामुळे सी प्लस प्लसमध्ये सर्व्हरचे काम करू शकणारा स्वयंसेवक आणि भाषेच्या वर्गसंग्रहात (क्लास लायब्ररीत) सुधारणा करणारा स्वयंसेवक यांची कौशल्ये सहसा वेगवेगळी असतात. एकाचा वेळ दुसऱ्याच्या कामासाठी गृहीत धरणारा आराखडा कागदावरच राहतो.

बदलाचा फटका कोणाला बसतो, हे आराखडा करताना सर्वांत आधी पाहिले पाहिजे. सर्व्हरवर केवळ एससीलँग अवलंबून नाही. सॉनिक पाय हे कोड लिहून संगीत वाजवण्याचे सॉफ्टवेअर एससीसिंथला थेट संदेश पाठवते, आणि क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेवर आधारलेले ओव्हरटोनही तसेच करते. टायडलसायकल्स या अशाच आणखी एका सॉफ्टवेअरचे उदाहरण थोडे वेगळे आहे: ते हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत असले, तरी त्याचा नेहमीचा ध्वनिस्रोत सुपरडर्ट एससीलँगमध्ये चालतो, म्हणून त्याला दोन्ही अर्धे लागतात. सर्व्हरला नवी आज्ञा शिकवली, तर तो वापरणाऱ्या जुन्या कार्यक्रमांचे काही बिघडत नाही. पण असलेल्या आज्ञेचा अर्थ बदलला, तर ज्यांनी सुपरकोलायडरची खिडकी कधी उघडलीही नसेल अशांचे संगीत बंद पडते. यूजेन लिहिणाऱ्यांशी असलेला करारही असाच आहे: यूजेन पुरवणाऱ्या प्लगिनचा (जोडणीचा) अंतरपृष्ठ-क्रमांक, म्हणजे सर्व्हरशी जुळण्याच्या पद्धतीचा आवृत्ती क्रमांक, जुळला नाही, तर सर्व्हर ते प्लगिन नाकारतो, म्हणजे प्रत्येक तृतीयपक्षी प्लगिन पुन्हा संकलित (कंपाइल) करावे लागते. त्यातच टिम ब्लेखमान यांचा सुपरनोव्हा हा प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांचा (कोरचा) उपयोग करणारा पर्यायी सर्व्हर आहे आणि त्याच्यासाठी प्लगिने वेगळी संकलित करावी लागतात, त्यामुळे तेथे हे काम दुप्पट होते.

भाषेतील बदलाचा फटका संगीतकारांच्या जुन्या फायलींना बसतो. एससीलँगमध्ये नामावकाश (नेमस्पेस), म्हणजे नावांचे वेगवेगळे कप्पे, नाहीत. सर्व वर्गांची नावे एकाच सामायिक यादीत येतात, त्यामुळे दोन क्वार्कांनी, म्हणजे जोडसंग्रहांनी, एकच नाव वापरले तर टक्कर होते. नामावकाश आणण्याची मागणी रास्त आहे आणि मला ती मनापासून पटते. पण तिचा सर्व्हरशी काहीही संबंध नाही, आणि सर्व्हरच्या कामांच्या यादीत ती घातल्याने दोन्ही कामे अडतात. तिच्यासाठी लेखी प्रस्ताव करताना जुनी फाइल एकही अक्षर न बदलता कशी चालेल याचे उत्तर आधी लिहावे लागेल, आणि ते क्वार्क सांभाळणाऱ्यांना दाखवून त्यांच्याकडून तपासून घेतल्यावरच तो बदल कोणत्या आवृत्तीत घ्यायचा हे ठरवता येईल.