न कापता दिसणारा साका

हापूस वरून कितीही देखणा असो, आतला साका सुरी लावल्याशिवाय कळत नाही. पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर आणि त्यात हवेचे बारीक कप्पे. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराची अडचण अशी, की कापून बघितलेलं फळ पेटीत भरता येत नाही.

एक्स-रेला मात्र हवा आणि गर यांतला फरक कळतो. सीटी स्कॅनमध्ये आंबा ठेवला की हाती येतात ते आकडे. 512 बाय 512 घरांचे 300 काप म्हटले तरी पावणेआठ कोटींहून जास्त. एक्स-रे किती अडतो याच्या या मोजपट्टीवर पाणी 0, हवा उणे 1000. गर पाण्याच्या आसपास, साका त्याच्या खाली.

या ढिगातून आंबा दिसायचा कसा? संगणक-चित्रणातले संशोधक मार्क लेव्हॉय यांनी 1988 साली मांडलेली रीत सरळ आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण आत सोडायचा. तो पावलापावलावर तिथला आकडा वाचतो, कोष्टकात बघून त्याला रंग आणि दाटपणा देतो, बेरीज करत जातो. पलीकडचं झाकलं जाईल इतकी बेरीज झाली की थांबतो. कोष्टक आपण ठरवायचं. गर जवळजवळ पारदर्शक केला की कोय आणि साका तेवढे उरतात. मला तर सगळं कसब इथेच वाटतं, कारण कोष्टक चुकलं तर असलेला साकाही दिसणार नाही.

तरी हे चित्र सपाट वाटतं. पावसाळ्यात आंबोली घाटात गाडीचे दिवे लावले की धुकंच उजळून निघतं, कारण प्रकाश थेंबाथेंबावर आपटून दिशा बदलतो. चित्रात तो जिवंतपणा हवा तर किरणाला आत भटकू द्यावं लागतं. पण दाटपणा जागोजाग बदलत असताना पुढची धडक कुठे होईल, हे काढायचं कसं? याची युक्ती वुडकॉक यांनी 1965 मध्ये अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनसाठी वापरली होती. सगळा आंबा त्याच्या सर्वांत दाट भागाइतकाच दाट आहे असं धरायचं. मग धडकेचं अंतर एका साध्या सूत्रातून, चिठ्ठी उचलल्यासारखं, मिळतं. तिथे पोचल्यावर खरा दाटपणा पाहायचा. तो कमाल दाटपणाच्या एक तृतीयांश असेल, तर सरासरी तीनांतली एकच धडक खरी मानायची. बाकीच्या वेळी किरण सरळ पुढे. इतक्या खोट्या धडका मोजूनही सरासरी उत्तर अगदी बिनचूक येतं, याचं मला अजून नवल वाटतं.

किरण थोडे सोडले तर चित्र रवाळ दिसतं, आणि तो रवाळपणा निम्मा करायला किरण चौपट लागतात. पुरेसे सोडले की साक्याची सावली कोयीवर उतरते, आणि तो कोयीला चिकटलेला आहे की गरात सुटा, हे नजरेला कळतं.