न सांगता येणारी वेदना

१९८० च्या दशकापर्यंत जगातल्या अनेक नामवंत रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना स्नायू शिथिल करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू एवढेच दिले जाई. वेदना खऱ्या अर्थाने शमवणारे औषध बहुधा दिले जात नसे. यामागे निर्दयपणा नव्हता, दोन ठाम समजुती होत्या. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण पुरते तयार झालेले नसते, त्यामुळे त्याला वेदना नीट जाणवतच नाही, ही एक. आणि अफूपासून बनणाऱ्या किंवा तशा प्रकारच्या औषधांनी बाळाचा श्वास मंदावेल किंवा रक्तदाब घसरेल, ही दुसरी. दुसरी भीती अगदीच निराधार नव्हती. पहिली समजूत मात्र चुकीची होती, आणि हे पुराव्यानिशी दाखवणाऱ्या संशोधकांत डॉ. कंवलजीत आनंद यांचे नाव अग्रभागी आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. इंदूरकरांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणार असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची भूल दिली, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली होती आणि शस्त्रक्रियेनंतर श्वसनाच्या व रक्ताभिसरणाच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त उद्भवल्या. म्हणजे बाळ हलत नव्हते, रडत नव्हते, पण त्याचे शरीर वेदनेला उत्तर देत होते आणि त्या उत्तराची किंमत मोजत होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बालकांनाही शस्त्रक्रियेत भूल व वेदनाशामके दिली जावीत, अशी भूमिका घेतली.

मायलिनचा युक्तिवाद मुळातच लंगडा होता. आपल्याला ठेच लागते तेव्हा आधी तीक्ष्ण कळ उठते आणि क्षणभराने मागून ठणका येतो. पहिली कळ पातळ मायलिन असलेले ए-डेल्टा तंतू आणतात. मागचा ठणका आणणाऱ्या सी-तंतूंवर मायलिन नसतेच, आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या संथ गतीने जातो. प्रौढ माणसाच्या वेदनेचा मोठा वाटा जर मायलिन नसलेल्या तंतूंतूनच येत असेल, तर मायलिन नाही म्हणून बाळाला वेदना नाही, हे म्हणणे टिकत नाही. उलट मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारी, वेदनेचा संदेश दाबून धरणारी यंत्रणा बाळात उशिरा परिपक्व होते, त्यामुळे त्याला मोठ्यांपेक्षा अधिक दुखत असण्याची शक्यता आहे.

ही दाबून धरणारी यंत्रणाच वेदनेला इजेच्या मोजमापापासून वेगळे करते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की, मज्जारज्जूत संदेशांवर एक प्रकारचा दरवाजा असतो. स्पर्शाचे जाड तंतू आणि मेंदू दोघेही तो उघडझाप करू शकतात. मार लागल्यावर आपण नकळत ती जागा चोळतो, त्याचे कारण यात सापडते. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बरेच बदल झाले, पण गाभा टिकला. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाला गंभीर जखमी, तरीही पूर्ण शुद्धीवर असलेले अनेक सैनिक मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक नको म्हणताना दिसले होते. तर दुसरीकडे कित्येकांची जखम भरून महिने लोटतात आणि दुखणे तसेच राहते, कारण सतत संदेश झेलून मज्जारज्जूतल्या पेशीच अतिसंवेदनशील झालेल्या असतात. म्हणूनच वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत दोन गोष्टी स्पष्ट नोंदवल्या: माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखावा, आणि एखाद्याला सांगता येत नाही, याचा अर्थ त्याला वेदना नाही, असा होत नाही.

वेदनेच्या मूल्यमापनाचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांभोवती उभे आहे. रुग्ण बोलू शकत असेल तर त्यालाच विचारायचे: शून्य ते दहामध्ये किती, पडून असताना किती आणि कूस बदलताना किती, कशाने वाढते, झोप लागते का. दुखणे जळजळल्यासारखे, विजेच्या चमकेसारखे, मुंग्यांसह असेल तर मज्जातंतूलाच इजा असण्याची शक्यता वाढते, आणि उपचारही बदलतात. आपल्याकडे इंदूरला, रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, आजींना दवाखान्यात नेले की डॉक्टरांच्या प्रश्नाला मुलगा किंवा सून उत्तर देते, आणि आजी मान डोलावतात. हे प्रेमापोटीच होते. तरीही दुसऱ्याने सांगितलेली वेदना ही अंदाजावर बेतलेली असते. पहिले उत्तर आजींना देऊ द्यावे, भर नंतर घालावी. स्मृतिभ्रंशामुळे बोलणे आटले असेल, तर श्वासाची लय, कण्हणे, चेहऱ्यावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी आणि समजूत घातल्यावर शांत होणे किंवा न होणे यांवरून गुण देण्याच्या पद्धती आहेत. लहान बाळांसाठीही चेहरा, पाय, रडणे यांवर आधारलेली अशीच मोजपट्टी वापरतात. नेहमी शांत असणारे आजोबा अंघोळीच्या वेळी अचानक हात झटकू लागले, तर त्याला हट्ट म्हणण्याआधी खांदा दुखतो का, हे पाहिले पाहिजे.

उपचारांबाबत सर्वाधिक गैरसमज मॉर्फिनविषयी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, आणि तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, तेही दुखायची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते तिची परवानाधारक शेती आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमच भागात होते आणि नीमचला ती शुद्ध करणारा सरकारी कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या कडक शिक्षांमुळे आणि एकापेक्षा अधिक परवान्यांच्या अटींमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले, आणि अफूच्या शेतांपासून काही तासांच्या अंतरावर माणसे कर्करोगाने तळमळत राहिली. मला ही गोष्ट फार लागते. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम आणले आणि मान्यताप्राप्त संस्थांची वाट मोकळी केली.

जुनाट कंबरदुखीवर मॉर्फिन हे उत्तर नाही. तिथे व्यायाम, फिजिओथेरपी आणि झोप यांचे मोल अधिक. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन सुरक्षित असते, आणि ते सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला, असे मुळीच नाही. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत सारक, म्हणजे पोट साफ ठेवणारे औषध, लिहून दिले आहे का, हे घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे, आणि प्रत्येक मात्रेची वेळ व त्यानंतर रुग्णाने स्वतः सांगितलेला आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या भेटीत मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्या वहीचा मोठा आधार होतो.